९९९ वर्षांचा भाडेपट्टा : केनियाची शेतजमीन गोऱ्यांच्या हाती कशी गेली

सरकारने शेतजमीन ९९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिली, असं वाचलं की आधी छपाईतली चूक वाटते. पण ती चूक नाही. १९१५ साली ब्रिटिश पूर्व आफ्रिकेत, म्हणजे आजच्या केनियात, तसा कायदाच झाला. त्या वर्षी सही झालेला पट्टा २९१४ साली संपणार होता. हा काळ केवढा आहे ते समजायचं असेल तर तेवढीच वर्षं मागे मोजावीत. १९१५ मधून ९९९ वजा केले की आपण ९१६ साली पोचतो. तेव्हा महाराष्ट्रावर राष्ट्रकूटांचं राज्य होतं आणि ज्ञानेश्वरी लिहिली जायला अजून पावणेचारशे वर्षं जायची होती.

जुन्या दानपत्रांत 'यावच्चंद्रदिवाकरौ' असा शब्द येतो. चंद्र-सूर्य आहेत तोवर ही जमीन तुझी, असा त्याचा अर्थ. केनियातल्या इंग्रज अधिकाऱ्यांनी हीच गोष्ट आकड्यात लिहिली. फरक एवढाच, की दानपत्र देणारा राजा निदान त्या मुलखातला असायचा.

भाडेपट्टा म्हणजे काय हे आपल्याला शिकवावं लागत नाही. मालक मी, वापर तुझा, मुदत इतकी, भाडं इतकं, अटी अमुक. मुंबईतल्या कितीतरी इमारती सरकारी किंवा महापालिकेच्या पट्ट्यावरच्या जमिनीवर उभ्या आहेत. आपण चर्चा करतो ती मुदतीची, भाड्याची, नूतनीकरणाची. पण या व्यवहारातला सगळ्यात वजनदार शब्द पहिलाच आहे : मालक. केनियाची गोष्ट नीट समजून घ्यायची असेल तर ९९९ हा आकडा थोडा वेळ बाजूला ठेवावा लागतो. पट्टा किती वर्षांचा, हा नंतरचा प्रश्न. जमीन भाड्याने देणारं सरकार तिचं मालक कधी झालं आणि कसं, हा खरा प्रश्न.

आधी रेल्वे आली

इंग्लंडने १८९५ साली या मुलखावर आपलं 'संरक्षण' जाहीर केलं आणि पुढच्याच वर्षी मोंबासा बंदरापासून व्हिक्टोरिया सरोवराकडे रेल्वे टाकायला घेतली. ती बांधायला हिंदुस्थानातून सुमारे ३२,००० मजूर नेले, त्यातले बहुतेक पंजाबचे. जवळपास अडीच हजार जण तिथेच मेले. १९०१च्या अखेरीस रूळ सरोवराच्या काठी किसुमूला पोचले, तोवर पंचावन्न लाख पौंडांच्या आसपास खर्च झाला होता. एवढा पैसा वसूल कसा करायचा? गाडीला माल हवा, मालासाठी शेती हवी, आणि ती शेती गोऱ्यांनी करावी, असं तिथले कमिशनर सर चार्ल्स एलियट यांचं ठाम मत होतं. आफ्रिकी शेतकऱ्यालाच बी-बियाणं आणि बाजारपेठ देता आली असती. शेजारच्या युगांडात कापूस त्याच पद्धतीने वाढला. केनियात मात्र सरकारने दुसरा रस्ता धरला.

या सगळ्याला हिंदुस्थानशी जोडणारा एक धागा आहे, तो सहसा कोणी सांगत नाही. पूर्व आफ्रिकेतला कारभार सुरुवातीला हिंदुस्थानी कायद्यांवर चालायचा. चलन आपला रुपया आणि आणे. रेल्वेसाठी रुळांच्या दोन्ही बाजूंना एकेक मैलाचा पट्टा ताब्यात घेतला, तोही हिंदुस्थानच्या १८९४च्या भूसंपादन कायद्याने. धरण, कालवा किंवा एमआयडीसीसाठी ज्यांच्या जमिनी गेल्या त्या महाराष्ट्रातल्या घरांत '१८९४चा कायदा' हे शब्द आजही ओळखीचे आहेत. तोच कायदा बोटीत बसून मोंबासाला गेला होता.

'पड' या नोंदीची किंमत

रेल्वेपुरता पट्टा मिळाला, पण बाकीच्या जमिनीचं काय? संरक्षित प्रदेश म्हणजे वसाहत नव्हे. तिथली जमीन आपोआप राणीच्या मालकीची होत नाही, अशी अडचण लंडनमध्ये निघाली. १८९९ साली सरकारी कायदेतज्ज्ञांनी तोड सुचवली. जिथे स्थिर राज्यव्यवस्था नाही आणि जमिनीवर कोणा व्यक्तीची वा सत्तेची ठरलेली मालकी नाही, तिथली पडीक आणि रिकामी जमीन राणीच्या सरकारला हवी तशी वापरता येईल, असा त्यांचा अभिप्राय होता.

'पडीक आणि रिकामी' हे शब्द नीट लक्षात ठेवावेत. १८९०च्या दशकात केनियाच्या उंचवट्यावर, म्हणजे 'हायलँड्स' म्हणतात त्या उंच, सुपीक पठारी भागात, लागोपाठ आपत्ती कोसळल्या. गुरांची बुळकांडी आली, देवी आली, पाऊस पडला नाही, टोळधाड आली. किकुयू ही तिथली शेती करणारी जमात. कियांबू आणि लिमुरू भागातली त्यांची कितीतरी कुटुंबं शेतं सोडून उत्तरेला भाऊबंदांकडे जगायला गेली. गुरं पाळून जगणाऱ्या मसाई जमातीची गुरं बुळकांडीने मेली, माणसं देवीने. १९०० नंतर गोरे लोक रेल्वेने वर आले तेव्हा त्यांना झाडोरा माजलेली शेतं आणि मोकळी कुरणं दिसली. दुष्काळाने घर बंद करून गेलेल्या माणसाचं घर बेवारस म्हणून वाटायला काढावं, तसं हे झालं.

मालकी नव्हती असंही नाही. किकुयूंमध्ये एका मूळ पुरुषाच्या वंशाला 'म्बारी' म्हणत आणि त्या भाऊबंदांच्या जमिनीला 'गिथाका'. कोणाची हद्द कुठल्या ओढ्यापर्यंत, कुठल्या झाडापर्यंत, हे म्हाताऱ्यांना तोंडपाठ असे. ज्याला स्वतःची जमीन नाही त्याला म्बारीच्या परवानगीने कसायला तुकडा मिळे. अशा माणसाला 'मुहोई' म्हणत. तो मालक होत नसे, पण त्याच्याकडून खंडही घेत नसत. नातं सांभाळायचं, समारंभाला मदत करायची, एवढंच. सुरुवातीच्या काही गोऱ्यांना किकुयूंनी मुहोई समजूनच जागा दिली होती. पाहुणा आहे, कसेल आणि एक दिवस जाईल.

मग १९०२चा राजभूमी कायदा आला. त्याची दोन कलमं मी मुद्दाम सविस्तर सांगतो, कारण सगळी गोम तिथेच आहे.

एका कलमात म्हटलं होतं की स्थानिकांचे हक्क आणि गरजा लक्षात घ्याव्यात आणि त्यांच्या 'प्रत्यक्ष वहिवाटीत' असलेली जमीन कमिशनरने विकू नये की पट्ट्याने देऊ नये. वाचून बरं वाटतं. पण लगेच पुढच्या कलमाने दुसरं दार उघडलं. ज्या मोठ्या क्षेत्रात स्थानिकांच्या वस्त्या आहेत ते क्षेत्र वस्त्या न वगळता सरसकट पट्ट्याने देता येईल. वस्तीखालची जमीन, लोक तिथे प्रत्यक्ष राहत आहेत तोवर, पट्ट्यातून वगळलेली धरायची. आणि त्यांची वहिवाट थांबली की ती जमीन पट्टेदाराकडे जाईल.

आता हे सातबाऱ्याच्या भाषेत पाहू. आपल्या सातबाऱ्यावर भोगवटादाराचं नाव वेगळं असतं आणि पीकपाहणी वेगळी. एखाद्या वर्षी शेतात काही पेरलं नाही तर पीकपाहणीत 'पड' अशी नोंद होते, पण त्याने भोगवटादाराचं नाव उडत नाही. १९०२च्या कायद्याने आफ्रिकी माणसाच्या बाबतीत भोगवटादाराचा रकानाच काढून टाकला आणि फक्त पीकपाहणी ठेवली. पेरलंय तोवर तुझं. एक हंगाम पड गेली की गोऱ्या शेजाऱ्याची.

आणि किकुयूंची शेती तर जमिनीला विसावा देण्यावरच उभी होती. कोकणात वरकस जमिनीवर नाचणी-वरी घेतात आणि मग ती जमीन काही वर्षं मोकळी टाकतात, तशीच पद्धत. मोकळी टाकलेली जमीन सोडून दिलेली नसते. ती पुढच्या पिकाची तयारी करत असते. मसाईंचं तसंच. पावसाळ्यातली चराई एकीकडे, उन्हाळ्यातली दुसरीकडे. वर्षातले काही महिने प्रत्येक कुरण रिकामंच दिसणार. ज्यांनी कायदा लिहिला त्यांना हे कळलं नव्हतं असं म्हणावं, तर तिथल्याच काही ब्रिटिश अधिकाऱ्यांनी या वाटपाविरुद्ध तक्रारी केल्या होत्या. कळत होतं, पण त्याप्रमाणे वागायचं नव्हतं, असंच मला वाटतं.

शंभर एकरांचं भाडं, एका झोपडीची पट्टी

१९०३ साली लॉर्ड डेलामेर या इंग्रज सरदाराने न्जोरो इथे एक लाख एकर जमीन ९९ वर्षांच्या पट्ट्याने घेतली. भाडं वर्षाला २०० पौंड. अट अशी की पाच वर्षांत ५,००० पौंड जमिनीवर खर्च करायचे.

याचा हिशेब आपल्या चलनात करू, कारण तेव्हा तिथे तेच चालत होतं. एका पौंडाचे पंधरा रुपये. २०० पौंड म्हणजे ३,००० रुपये. लाख एकराला तीन हजार, म्हणजे शंभर एकराला वर्षाचे तीन रुपये. एकरी अर्धा आणासुद्धा पुरता नाही.

त्याच सुमारास सरकारने आफ्रिकी माणसाच्या झोपडीवर कर बसवला. झोपडीपट्टी म्हणजे आपल्याला वेगळं काही आठवेल, पण इथे शब्दशः झोपडीवरची पट्टी. दोन रुपये, पुढे तीन रुपये वर्षाला, तेही रोख. एका कुटुंबाने आपल्याच गावात, आपल्याच कुडाच्या घरात राहण्याबद्दल वर्षाला जेवढे रुपये भरायचे, तेवढ्यात डेलामेरला शंभर एकर मिळत होते. या दोन आकड्यांशेजारी मला आणखी काही लिहावंसं वाटत नाही.

रोख रक्कम हीच तर मेख होती. ज्याच्याकडे शेळ्या आहेत, मका-ज्वारी आहे, पण नाणं नाही, त्याने नाणं आणायचं कुठून? गोऱ्याच्या मळ्यावर मजुरी करून. महिन्याची मजुरी तीन-चार रुपये, म्हणजे झोपडीच्या पट्टीसाठी सुमारे महिनाभर राबणं आलं. घरात दुसऱ्या बायकोची वेगळी झोपडी असेल तर आणखी महिना. जमीन पट्ट्याने दिली आणि तिच्यावर राबायला माणसं पट्टीने आणली.

डेलामेरच्या मेंढ्यांचं पुढे काय झालं तेही सांगण्यासारखं आहे. त्या खंगून मेल्या. हिरव्यागार गवतात चरूनही वजन धरेनात. न्जोरोजवळच्या नाकुरूच्या आसपासच्या मातीत कोबाल्ट कमी आहे, ते गवतात उतरत नाही आणि जनावर खाऊनही उपाशी राहतं, हे विज्ञानाला पुष्कळ नंतर उमगलं. त्या रोगाला 'नाकुरुआयटिस' असंच नाव पडलं. गव्हावर तांबेरा आला तो वेगळाच. डेलामेरने प्रचंड पैसा घातला, तांबेऱ्याला तोंड देणाऱ्या गव्हाच्या जाती शोधायला मदत केली आणि पुढे गोऱ्या शेतकऱ्यांचा पुढारी झाला. त्याची चिकाटी नाकारण्याचं कारण नाही. पण लाख एकरांवर चुका करत शिकण्याची मुभा त्याला होती. शेजारच्या आफ्रिकी शेतकऱ्याला एका हंगामाच्या चुकीचीही मुभा नव्हती.

मसाईंचे दोन करार

मसाईंची कुरणं रिफ्ट व्हॅलीच्या खोऱ्यात होती. खोरं सुपीक आणि रेल्वेला लागून, म्हणून त्या कुरणांवर अनेकांचा डोळा होता. ईस्ट आफ्रिका सिंडिकेट या कंपनीला ५०० चौरस मैल देण्याचं ठरलं. दक्षिण आफ्रिकेतून आलेल्या दोघांना प्रत्येकी ५० चौरस मैल द्यायला लंडनने नकार दिला, म्हणून १९०४ मध्ये एलियटने राजीनामा दिला. म्हणजे वाद सुरू होता, पण तो जमीन कोणत्या गोऱ्याला द्यायची याचा.

त्याच वर्षी सरकारने मसाईंशी करार केला. रेल्वेलगतचं खोरं त्यांनी सोडायचं, उत्तरेला लायकिपिया आणि दक्षिणेला एक असे दोन राखीव भाग त्यांना मिळतील, दोन्हींना जोडणारी अर्धा मैल रुंद वाट राहील, आणि मसाई वंश असेपर्यंत हे टिकेल. टिकलं सात वर्षं. लायकिपियाचं गवत गोऱ्या पशुपालकांनाही आवडलं, आणि १९११ मध्ये दुसरा करार करून उत्तरेतल्या मसाईंना गुराढोरांसकट दक्षिणेला हलवलं. वाटेत थंडी-पावसात माणसं आणि जनावरं मेली.

मसाई कोर्टात गेले. १९१३ चा तो खटला ओले न्जोगो यांच्या नावाने ओळखला जातो. त्यांचं म्हणणं साधं होतं. पहिला करार मोडता येत नाही, आणि दुसऱ्यावर सही करणाऱ्यांना सगळ्या मसाईंच्या वतीने सही करण्याचा अधिकार नव्हता. कोर्टाने खटला फेटाळला. कारण असं दिलं, की मसाई ही ब्रिटिश प्रजा नव्हे. त्यांच्याशी झालेला करार हा दोन सत्तांमधला तह आहे आणि तहाबद्दल या देशातल्या कोर्टात दाद मागता येत नाही.

आता १८९९चा अभिप्राय आठवा. तेव्हा सरकार म्हणालं होतं, इथे स्थिर सत्ताच नाही, म्हणून जमीन आमची. चौदा वर्षांनी तेच सरकार म्हणालं, मसाई ही तर परकी सत्ता, म्हणून कोर्टाचं दार बंद. जमीन घेताना हे लोक कोणीच नव्हते, आणि न्याय मागायला आले तेव्हा अचानक सार्वभौम झाले. वसाहतीतला कायदा कसा चालायचा, हे समजायला हा एकच खटला वाचला तरी पुरे.

९९ मधून ९९९ कसे झाले

इतकं स्वस्त मिळूनही गोरे शेतकरी नाराज होते. त्यांचं म्हणणं असं, की ९९ वर्षांच्या पट्ट्यावर कर्ज काढायला गेलं की बँक उरलेली मुदत मोजते, सरकारच्या अटी वाचते आणि हात आखडते. त्यांना पूर्ण मालकी हवी होती. लंडनमधल्या वसाहत खात्याला ती द्यायची नव्हती. रेल्वे सरकारी पैशाने आली, जमिनीचे भाव तिच्यामुळे वाढणार, मग त्या वाढीतला काही वाटा सरकारला नको का, असा त्यांचा विचार. पट्टा असला की भाडं ठरावीक काळाने वाढवता येतं आणि जमीन नुसती अडवून ठेवणाऱ्यांवर अट घालता येते. हा विचार चुकीचा नव्हता. जमीन घेऊन पडून ठेवायची आणि भाव वाढला की विकायची, हा धंदा तिथे जोरात होता.

ओढाताण दहा-बारा वर्षं चालली आणि १९१५च्या कायद्यात तडजोड झाली. नाव पट्ट्याचं, मुदत ९९९ वर्षांची. सरकार कागदोपत्री मालक राहिलं, आणि शेतकऱ्याला विकण्या-गहाण टाकण्याजोगं काहीतरी मिळालं. जुने ९९ वर्षांचे पट्टे नव्यात बदलून घेण्याचीही सोय झाली.

त्याच कायद्याने आणखी दोन गोष्टी केल्या. राजभूमीच्या व्याख्येत आफ्रिकी जमातींच्या वहिवाटीतल्या आणि त्यांच्यासाठी राखून ठेवलेल्या जमिनीही घातल्या. आणि एका वंशाच्या माणसाकडून दुसऱ्या वंशाच्या माणसाकडे जमीन जात असेल तर ती अडवण्याचा अधिकार गव्हर्नरला दिला. आपल्याकडे वर्ग दोनची जमीन कलेक्टरच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. ती अट बहुतेक ठिकाणी गरिबाची जमीन सावकाराच्या घशात जाऊ नये म्हणून घातलेली असते. इथे परवानगीची अट उलट कामाला लावली होती.

यात हिंदुस्थानी माणूस थेट अडकला. रेल्वे बांधायला तो चालला, रेल्वेकाठी दुकान घालायला चालला, पण उंचवट्यावरची शेती त्याला मिळणार नाही, असं वसाहत मंत्री लॉर्ड एल्गिन यांनी १९०८ सालीच सांगून टाकलं होतं. कारण दिलं 'प्रशासकीय सोय'. मोंबासा-नैरोबीतले व्यापारी आणि रेल्वेचे कंत्राटदार अलीभाई मुल्ला जीवनजी यांनी याविरुद्ध मोहीम चालवली. १९२३ मध्ये हा प्रश्न लंडनमध्ये निघाला तेव्हा हिंदुस्थानच्या बाजूने बोलायला श्रीनिवास शास्त्री गेले. गोखल्यांनी पुण्यात स्थापन केलेल्या सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटीचे गोखल्यांनंतरचे अध्यक्ष ते हेच. म्हणजे केनियाच्या जमिनीचा वाद पुण्याच्या सार्वजनिक जीवनापर्यंत येऊन पोचला होता.

लंडनने उत्तर दिलं ते असं : केनिया हा आफ्रिकी मुलूख आहे, तिथे आफ्रिकी लोकांचं हित सर्वोच्च. पण उंचवट्यावरची जमीन गोऱ्यांसाठीच राखीव राहील. एकाच कागदात दोन्ही वाक्यं.

मला इथे एक गोष्ट स्पष्ट म्हणावीशी वाटते. हिंदुस्थान्यांवरचा अन्याय खरा होता. पण आपल्या पुढाऱ्यांची मागणी बराच काळ 'गोऱ्यांसारखी आम्हालाही जमीन द्या' अशीच होती. ती जमीन मुळात कोणाची, हे विचारणारे थोडे. त्यांत मणिलाल देसाईंचं नाव घ्यायला हवं. हॅरी थुकू या तरुण किकुयू पुढाऱ्याला त्यांनी नैरोबीत बसायला जागा दिली आणि पत्रकं छापायला छापखाना.

मर्जीवरचे भाडेकरू

१९२० मध्ये संरक्षित प्रदेशाची रीतसर वसाहत झाली. पुढच्याच वर्षी कियांबूकडच्या दोन किकुयू पक्षांचा जमिनीचा वाद हायकोर्टात आला. वाद भावकीतल्या वादासारखा, आमच्या जमिनीत हे घुसले, अशा स्वरूपाचा. मुख्य न्यायाधीश बार्थ यांनी निकाल दिला की १९१५चा कायदा आणि वसाहतीचा हुकूम यांमुळे आफ्रिकी लोकांचे जमिनीवरचे जे काही हक्क असतील ते संपले. ते आता राजाच्या मर्जीवरचे भाडेकरू. मर्जी असेतोवर राहायचं.

वादी आणि प्रतिवादी दोघंही भांडायला आले होते आणि दोघंही कूळ होऊन परतले. किंबहुना कुळाहूनही खाली, कारण कुळाला निदान खंडाची पावती असते. ते साल १९२१. त्याच साली मुळशी पेट्यातले मावळे धरणाविरुद्ध सत्याग्रहाला बसले होते.

एकाच सरकारच्या एकाच कागदपत्रांत आता दोन प्रकारचे भाडेकरू होते. एकाची मुदत ९९९ वर्षं. दुसऱ्याची मुदत शून्य.

पहिल्या महायुद्धानंतर परतलेल्या गोऱ्या सैनिकांना वसवायला वीस लाख एकरांहून जास्त जमीन काढली, त्यात नांदी लोकांची शंभरेक चौरस मैल होती. आफ्रिकेत त्याच युद्धात ओझी वाहता वाहता मेलेल्या हजारो आफ्रिकी हमालांच्या घरच्यांना काही मिळालं नाही. उलट पुरुषांच्या गळ्यात 'किपांडे' आला. पत्र्याच्या डबीत घातलेला ओळखीचा कागद, त्यावर मालकाच्या नोंदी. तो नसेल तर तुरुंग.

जमीन गेली तरी माणसं कुठे जाणार? अनेक कुटुंबं गोऱ्यांच्या मळ्यांवरच राहिली. मालक म्हणायचा, इथे झोपडी बांध, तुकडाभर कस, गुरं चार, बदल्यात काम कर. १९१८च्या कायद्याने हे काम वर्षाला किमान १८० दिवस ठरवलं. सालगडी आणि कूळ यांच्या मधली ही स्थिती. त्यात कुळाचा हक्क जडू नये म्हणून १९३७च्या कायद्यात स्पष्टच लिहिलं, की हा माणूस भाडेकरू नव्हे, मजूर आहे. मग मळेवाल्यांनी दिवस वाढवले आणि गुरं कमी करायला लावली. काही ठिकाणी वर्षाला २७० दिवसांपर्यंत काम गेलं. अशी काही लाख माणसं होती. त्यातल्या कित्येकांचे वाडवडील त्याच जमिनीचे धनी होते.

एकीकडे हे, आणि दुसरीकडे गोऱ्यांना दिलेल्या जमिनीचा मोठा भाग नांगराविना पडून. 'पड' म्हणून आफ्रिकी माणसाची जमीन गेली होती. गोऱ्याच्या पड जमिनीला मात्र ९९९ वर्षांचं संरक्षण होतं.

१९३९ मध्ये राखीव उंचवट्याची हद्द कायद्याने पक्की झाली : सुमारे १६,७०० चौरस मैल. नाशिक, अहिल्यानगर आणि पुणे हे तीन जिल्हे एकत्र केले तर जेवढं क्षेत्र होतं, त्याहून हे थोडं कमी. एवढ्या मुलखात शेतीचा पट्टा धारण करायचा हक्क काही हजार गोऱ्या कुटुंबांना. किकुयूंच्या राखीव भागात दरम्यान भावाभावांत तुकडे पडत होते, आणि कॉफीसारखं पैशाचं पीक लावायला आफ्रिकी शेतकऱ्याला दीर्घकाळ परवानगी नव्हती. मळ्यांवरून हाकललेली माणसं, नैरोबीतले बेकार आणि राखीव भागातले भूमिहीन यांच्यातूनच माऊमाऊ म्हणून ओळखला जाणारा ब्रिटिश राजवटीविरुद्धचा सशस्त्र उठाव झाला. ऑक्टोबर १९५२ मध्ये सरकारने आणीबाणी पुकारली. ती लढाई, त्या छावण्या आणि फाशा हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

१९६० पासून उंचवट्यावर वंशाची अट उठली. १२ डिसेंबर १९६३ रोजी केनिया स्वतंत्र झाला. तोवर जमिनी परत देण्याची योजना सुरू झाली होती, पण ती परत देणं नव्हतं, विकत देणं होतं. ब्रिटनकडून कर्ज काढायचं, त्यातून गोऱ्याला बाजारभाव द्यायचा आणि त्याची जमीन आफ्रिकी कुटुंबांना हप्त्याने विकायची. दहा लाख एकरांच्या या योजनेत सुमारे पस्तीस हजार कुटुंबं वसली. आजोबांची जमीन नातवाने कर्ज काढून विकत घेतली. सगळ्यात चांगले मोठे मळे अनेकदा नव्या राज्यकर्त्यांच्या आणि त्यांच्या गोतावळ्याच्या हाती गेले, आणि चहाच्या कंपन्यांचे व काही मोठ्या कुरणांचे पट्टे तसेच राहिले.

९९९ या आकड्याला हात लागला तो २०१० मध्ये. त्या वर्षी २७ ऑगस्टला केनियाची नवी राज्यघटना लागू झाली. तिच्या ६५व्या कलमाप्रमाणे परदेशी माणसाला किंवा कंपनीला केनियात जमिनीची मालकी धारण करता येत नाही, फक्त पट्टा घेता येतो, आणि तोही जास्तीत जास्त ९९ वर्षांचा. परदेशी नागरिकांकडे ९९९ वर्षांचे जे पट्टे होते ते त्या दिवसापासून ९९ वर्षांचे धरले गेले. २९१४ च्या आसपास संपणारे ते कागद आता २१०९ मध्ये संपतील, आणि तेव्हा पट्टा वाढवायचा की नाही हे केनियाचं सरकार ठरवेल.